ब्लार्नीचा दगड आणि नगरचा किल्ला

इंग्रजी भाषेत भरीव बोलण्यास जितके शब्द आहेत, त्यांहून पोकळ बोलण्यास अधिक असावेत, असे कोश चाळताना वारंवार मनात येते. त्यांपैकी बरेच आता जुने झाले असून ते जुन्या कादंबऱ्यांत तेवढे भेटतात. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना संस्थानात बंकम नावाचा एक परगणा आहे. १८२० साली मिसूरी प्रांतासंबंधी वादविवाद चालू असता त्या परगण्याचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर हे कंटाळलेल्या सभेपुढे भाषण करू लागले, आणि आपण सभेसाठी नव्हे तर बंकमच्या मतदारांसाठी बोलत आहो, अशी कबुली त्यांनी दिली. तेव्हापासून घरच्या मतदारांस खूश करण्यासाठी केलेल्या निरर्थक वक्तृत्वास 'बंकम' हे नाव पडले. देवधर्माच्या आणि नीतीच्या दांभिक भाषेस 'कँट' म्हणतात. आमच्या आजच्या विषयाचा शब्द या दोहोंहून गोड आहे. तो म्हणजे 'ब्लार्नी'.

आयर्लंडातील कॉर्क परगण्यात १४४६ च्या सुमारास मॅकार्थी घराण्याने बांधलेला ब्लार्नी नावाचा किल्ला आहे. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने या घराण्याच्या सरदारास किल्ला स्वाधीन करण्याविषयी आपल्या अधिकाऱ्यांकरवी वारंवार बजावले, आणि त्या सरदाराने प्रत्येक वेळी निष्ठेची, नम्रतेची आणि स्तुतीची लांबलचक पत्रे पाठवून किल्ला मात्र हातचा सोडला नाही. अखेर राणी वैतागून उद्गारली की, हे सारे ब्लार्नीच आहे! ही आख्यायिका आहे, आणि आख्यायिकेइतकाच तिच्यावर विश्वास ठेवावा. पण शब्द रूढ झाला हे खरे. १७६६ साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डस्मिथच्या 'व्हिकार ऑफ वेकफील्ड' या कादंबरीतील एका बाईचे नावच लेडी ब्लार्नी असे आहे. किल्ल्याच्या तटावर एक दगड असून उताणे होऊन, मान मागे टाकून त्याचे चुंबन घेणाऱ्यास वक्तृत्वाची सिद्धी मिळते, अशी तिकडे समजूत आहे.

मराठीत या शब्दास प्रतिशब्द कोणता, असे आमचे विद्यार्थी विचारतात, तेव्हा उत्तर देणे सोपे नसते, कारण आमच्या भाषेत या मालाची पेठच भरलेली आहे. कोपरास गूळ लावणे, तोंडास पाने पुसणे, हातावर तुरी देणे, वाटाण्याच्या अक्षता लावणे, वेळ मारून नेणे, उडवाउडवी, सारवासारव, मखलाशी. यांतील प्रत्येकाची छटा वेगळी. ब्लार्नीच्या अगदी जवळ जाणारा प्रयोग 'कोपरास गूळ लावणे' हाच आम्हांस वाटतो. गूळ खरा असतो, त्याचा वासही येतो. पण ज्याच्या कोपरास तो लावला आहे त्याच्या जिभेस तो कधी लागत नाही.

आता हा शब्द घेऊन आम्ही नगरकडे वळतो, याचे वाचकांस कदाचित नवल वाटेल. पण ज्या राणीच्या नावावर ब्लार्नीची गोष्ट सांगितली जाते, तिच्याच कारकिर्दीत अहमदनगरची चांदबिबी १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यापुढे तटाच्या खिंडारात उभी होती. वऱ्हाड देऊन तिने नगर वाचविले. १६०० साली तिचा स्वकीयांकडूनच घात झाला आणि किल्ला मोगलांनी घेतला. त्याच १६०० सालच्या ३१ डिसेंबरला एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीस सनद दिली. बरोबर २०२ वर्षांनी, १८०२ सालच्या ३१ डिसेंबरलाच, त्या कंपनीने दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह केला. आणि त्या तहातून जे युद्ध निघाले त्याचा पहिला तोफगोळा दक्षिणेत नगरच्या तटावर पडला. त्याआधी दोन-अडीच महिने शिंद्यांच्या छावणीत जे बोलणे चालले होते, त्यास इंग्रजांनी आपल्या भाषेतील याच जातीची विशेषणे दिली. ती विशेषणे कितपत यथार्थ होती, आणि ती केवळ एकाच पक्षास लागू होती काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा मोड केला. बाजीराव कोकणात पळाले आणि वसईस इंग्रजांच्या आश्रयास गेले. तेथे झालेल्या तहाने त्यांनी कंपनीची सहा हजारांची तैनाती फौज पत्करली, तिच्या खर्चासाठी २६ लक्षांचा मुलूख तोडून दिला, आणि इंग्रजांच्या संमतीवाचून कोणत्याही दरबाराशी राजकारण करणार नाही असे लिहून दिले. आर्थर वेलस्ली २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यात आला, आणि १३ मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसले.

तहाची भाषा पाहिली तर ती संरक्षणाची, मैत्रीची आणि ऐक्याची आहे. उभयतांचे मित्र ते मित्र, शत्रू ते शत्रू. या तहामुळे मराठी राज्यातील कोणाच्याही रास्त हक्कास बाध येत नाही, असे गव्हर्नर-जनरल रिचर्ड वेलस्ली व त्यांचे वकील शिंदे-भोसल्यांस पुनःपुन्हा सांगत होते. कलमाकलमाने पाहता ते खोटे नव्हते. पण ज्या पेशव्याच्या नावाने सारे सरदार वागत, तो पेशवाच परक्याच्या आज्ञेत गेल्यावर सरदारांचे हक्क शाबूत आहेत असे म्हणणे म्हणजे, घराचा मुख्य खांब काढून घेतला तरी तुळया जागच्या जागी आहेत, असे भाडेकऱ्यास समजाविण्यासारखे आहे. तेव्हा कोपरास गूळ लावण्याचा प्रारंभ कोणी केला, याचा हिशेब मांडावयाचा झाल्यास पहिले नाव वसईच्या तहाचे मांडावे लागेल.

दुसरे नाव बाजीरावांचे. तहावर सही करून इंग्रजांच्या संगिनींच्या छायेत पुण्यास परतण्याची तयारी चालू असताच, त्यांनी शिंदे व भोसले यांच्याकडे आपली माणसे पाठविली. शिंद्यांकडे बाळोजी कुंजीर हे गेले. निमित्त तहाचा खुलासा करण्याचे. आतला हेतू सरदारांनी फौजा घेऊन दक्षिणेत यावे, हा. ज्यांनी इंग्रजांस 'या' म्हटले त्यांनीच इंग्रजांस घालविण्यासाठी शिंद्यांसही 'या' म्हटले.

आता शिंद्यांच्या छावणीकडे पाहू. दौलतराव त्या वेळी अवघे तेवीस-चोवीस वर्षांचे होते. बुऱ्हाणपुराजवळ त्यांचा तळ होता आणि कंपनीचा वकील कर्नल जॉन कॉलिन्स त्यांच्याजवळ होता. आपला हेतू काय, ही फौज कोणावर, भोसल्यांची व आपली भेट कशासाठी, हे प्रश्न तो सतत विचारीत होता आणि दरबारातून त्यास उद्या, परवा, मुहूर्त पाहून, विचार करून, अशी उत्तरे मिळत होती. अखेर मे १८०३ च्या अखेरीस कॉलिन्सने भर दरबारात तहाची कलमे समोर ठेवली. आपल्या रास्त हक्कांस बाधक असे तहात काही नाही, हे दौलतरावांनी मान्य केले. पण त्याने निश्चित उत्तराची मागणी करताच ते म्हणाले की, भोसल्यांची भेट झाल्यावाचून आम्हांस काही सांगता येत नाही. ती भेट झाली म्हणजे युद्ध की सलोखा ते तुम्हांस कळविण्यात येईल.

हे एकच वाक्य कलकत्त्यास पोहोचले आणि त्यावर युद्धाची इमारत उभी राहिली. इंग्रज ग्रंथकारांनी ते उद्धटपणाचा आणि कपटाचा नमुना म्हणून नेहमी पुढे केले आहे. आम्हांस मात्र असे वाटते की, त्या सबंध उन्हाळ्यात शिंद्यांच्या छावणीतून बाहेर पडलेले सर्वांत सरळ वाक्य कोणते असेल तर ते हेच. पेशव्याने केलेल्या तहाचा विचार सरदारांनी एकत्र बसून करावा, ही मराठी राज्याची जुनी रीत होती. भोसले अद्याप भेटले नव्हते, होळकरांचा निश्चय कळला नव्हता. तेव्हा उत्तर ठरले नाही हे सांगणे म्हणजे सत्य सांगणेच होते. दौलतरावांचे दुर्दैव असे की, गोड बोलण्याने त्यांचे दोन महिने निभावले, आणि एकदाच खरे बोलले तेव्हा ते पकडले गेले.

यानंतर मात्र जे झाले त्यास दुसरे नाव देता येत नाही. जूनच्या प्रारंभी शिंदे-भोसल्यांची भेट झाली. युद्ध की सलोखा ते तरीही कळले नाही. फौजा निजामाच्या सरहद्दीकडे, अजिंठ्याच्या घाटाच्या रोखाने सरकत होत्या, आणि पत्रांतून स्नेहाची वाढ चालली होती. ही दिरंगाई होळकरांसाठी होती. यशवंतरावांची फौज येऊन मिळाली असती तर मराठ्यांचे बळ दुणावले असते. म्हणून त्यांच्या घराण्याचे तंटे मिटविण्याची, घेतलेला मुलूख परत देण्याची आश्वासने त्यांस दिली गेली. होळकरांनीही ती ऐकून घेतली, होकार भरला, आणि माळव्यात जाऊन ते स्वस्थ बसले. हडपसरच्या रणात ज्यांची डोकी फोडली, त्यांच्या शब्दावर विसंबून कोण राहणार? अशी ही साखळी होती. इंग्रज शिंद्यांस गोड बोलत, शिंदे इंग्रजांस, होळकर शिंद्यांस आणि बाजीराव सर्वांस.

जुलैत वेलस्लीस लढाईचे व तहाचे संपूर्ण अधिकार मिळाले आणि त्याने शिंद्यांस मागे फिरण्याविषयी लिहिले. शिंदे-भोसल्यांचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे. आम्ही बुऱ्हाणपुरास परत जातो. तुमच्या फौजांनीही मद्रास, श्रीरंगपट्टण व मुंबई या आपल्या नेहमीच्या ठिकाणी जावे. वरवर पाहता किती समान न्याय! पण अजिंठ्याहून बुऱ्हाणपूर सुमारे पन्नास मैल, आणि मद्रास शेकडो कोस. इंग्रज फौज समुद्रकाठी पोहोचावी तोवर शिंद्यांस पुन्हा घाटावर येण्यास आठवडा पुरला असता. कॉलिन्सने हे नाकारले आणि ३ ऑगस्ट १८०३ रोजी त्याने छावणी सोडली.

त्या वेळी वेलस्ली नगरच्या दक्षिणेस वाळकी येथे पावसात तळ देऊन होता. जूनच्या प्रारंभी तो पुण्याहून निघाला होता. वाटाघाटी चालू असता त्याने रिकामा वेळ घालविला नाही. धान्य, बैल, दारूगोळा आणि नदी ओलांडण्याच्या होड्या यांची तजवीज तो करीत होता. पावसाळ्यात नद्या भरल्या म्हणजे मराठी घोडदळ अडते आणि होड्या जवळ बाळगणारे पायदळ पार होते, हा त्याचा हिशेब होता. म्हणजे जो काळ आपण गोड बोलून मिळवितो आहो असे शिंद्यांस वाटत होते, तो वस्तुतः वेलस्लीच्या पदरात पडत होता. कालहरणाचा डाव खेळणाऱ्याने काळ कोणाच्या बाजूचा आहे, हे आधी पाहावयाचे असते.

कॉलिन्स निघाल्याची बातमी ६ ऑगस्टला वाळकीस पोहोचली. त्याच दिवशी वेलस्लीने शिंद्यांस युद्धाचे पत्र लिहिले. आम्ही समतेचा व मानाचा सलोखा देऊ केला होता, तुम्ही युद्ध पसंत केले, आता परिणामांची जबाबदारी तुमच्यावर, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस लागला. ८ तारखेस तो नगरपुढे आला.

नगरची पेठ तटबंदीची होती. आत अरब व शिंद्यांचे कवायती पायदळ होते. तोफांनी तट पाडण्याची वाट न पाहता वेलस्लीने तीन टोळ्या करून शिड्या लावल्या. तट उंच, पण माथ्यावर पाऊल ठेवण्यास फांजी नाही. त्यामुळे वर चढलेल्या माणसांस उभे राहण्यास जागा मिळेना आणि कित्येक खाली कोसळले. तरीही प्रहर-दीड प्रहरात पेठ पडली. पेशव्यांच्या पथकाबरोबर इंग्रजांच्या छावणीत असलेले गोखले यांनी आपल्या पुण्याच्या मित्रांस लिहिलेले पत्र इतिहासात प्रसिद्ध आहे. हे इंग्रज मोठे विलक्षण लोक आहेत. सकाळी येऊन त्यांनी तट पाहिला, त्यावरून चालत आत गेले, शिबंदी कापली आणि न्याहारीस परत आले, अशा आशयाचा तो मजकूर आहे. त्यात कौतुक आहे की भीती आहे, हे ठरविणे कठीण. पण दोन महिने बोलणीच ऐकलेल्या माणसास, काही न बोलता झालेल्या कामाचा जो धक्का बसतो, तो त्यात स्पष्ट आहे.

पेठ पडली तरी किल्ला राहिलाच होता. सुमारे मैलभर घेराचा, घडीव दगडी तटाचा आणि रुंद खंदकाचा हा किल्ला पाहून, कर्नाटकातील वेल्लोर वगळता याहून बळकट देशी किल्ला आपण पाहिला नाही, असे वेलस्लीने लिहिले आहे. याच किल्ल्याने चांदबिबीचा पराक्रम पाहिला होता. १७५९ साली तो निजामाच्या किल्लेदारास पैसे देऊन पेशव्यांनी घेतला होता, आणि १७९७ साली बाजीरावांकडून तो दौलतरावांस मिळाला होता. म्हणजे मागील दोन्ही वेळी तो लढाईने नव्हे, देण्याघेण्याच्या बोलीने हातचा गेला होता. या वेळीही ती परंपरा अगदीच चुकली नाही. भिंगारचे देशमुख रघुराव बाबा यांनी चार हजार रुपये घेऊन मारा करण्यास सोयीची पूर्वेकडील बाजू दाखवून दिली, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरात आहे.

१० ऑगस्टला चार तोफा सुरू झाल्या. ११ तारखेस किल्लेदाराने मारा थांबवावा, म्हणजे बोलणे करण्यास वकील पाठवितो, असा निरोप धाडला. येथे या सर्व कथेचा मर्मबिंदू आहे. वेलस्लीचे उत्तर असे होते की, किल्ला हाती येईपर्यंत मारा थांबणार नाही; मात्र तुम्हांस जे सांगावयाचे असेल ते ऐकून घेण्यास आमची हरकत नाही. तोफा चालू, बोलणीही चालू. दुसऱ्या दिवशी, १२ ऑगस्टला, खाजगी मालमत्तेसह सुखरूप बाहेर जाऊ देण्याच्या अटीवर किल्लेदार व त्याचे १४०० लोक बाहेर पडले, आणि कंपनीचे निशाण नगरवर चढले. युद्ध पुकारल्यापासून सहा दिवस झाले होते.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. नगर हे पुण्याहून गोदावरीकडे जाणाऱ्या फौजेचे कोठार झाले. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. तेथे शिंद्यांच्या कंपूंनी व तोफखान्याने इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मारले वा जखमी केले. २९ नोव्हेंबरला आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. आणि १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगाव येथे व ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगाव येथे तहावर सह्या केल्या. होळकर १८०४ साली एकटेच लढले. नगर पुढे पेशव्यांस परत दिले गेले, पण १८१७ च्या पुण्याच्या तहाने त्या किल्ल्यावर इंग्रजांचा ताबा कायम झाला.

यावर कोणी म्हणेल की, शिंद्यांचे बोलणे पोकळ होते म्हणून ते हरले, एवढेच तात्पर्य ना? आम्हांस तसे वाटत नाही. असईच्या तोफा पोकळ नव्हत्या. कॉलिन्सने औरंगाबादेस वेलस्लीची गाठ पडताच, शिंद्यांचे पायदळ आणि तोफखाना पाहून तुम्ही थक्क व्हाल, असा इशारा दिला होता, आणि तो अक्षरशः खरा ठरला. इंग्रजांचे बोलणेही काही गोमुखातून आलेले गंगाजल नव्हते. मग फरक कोठे होता? वेलस्ली जे गोड बोलत होता, त्यामागे काय करावयाचे हे ठरलेले होते. शिंदे जे गोड बोलत होते, त्यामागे काहीच ठरलेले नव्हते. एकाचा शब्द निश्चय झाकीत होता. दुसऱ्याचा शब्द निश्चयाचा अभाव झाकीत होता. नीतीच्या तराजूत दोन्ही पारडी सारखीच हलकी भरतील, पण इतिहासाच्या तराजूत तशी भरली नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या वाटाघाटींची जी हकीकत आपण वाचतो ती मुख्यतः कॉलिन्स व वेलस्ली यांच्या पत्रांतून आलेली आहे. लिहिणारा पक्ष नेहमी स्वतःच्या बोलण्यास 'खुलासा' म्हणतो आणि दुसऱ्याच्या बोलण्यास 'टाळाटाळ'. शब्दांची ही वाटणी आमच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या जशीच्या तशी उतरत आली, आणि मराठी मुत्सद्दी म्हणजे गोडबोले व दुटप्पी, असा समज आमच्याच मुलांचा झाला. तो समज काढून टाकण्यासाठी दौलतरावांस हरिश्चंद्र ठरविण्याची गरज नाही. त्यांस जो नियम लावावयाचा तोच वसईच्या तहासही लावला, म्हणजे पुरे.

राहता राहिली आयरिश सरदाराची गोष्ट. त्याचे बोलणे यशस्वी झाले, असे आख्यायिका म्हणते. त्याचे कारण त्याच्या जिभेत नव्हते. मागणारी राणी समुद्रापलीकडे होती, किल्ला त्याच्या हातात होता, आणि तो सोडावयाचा नाही हे त्याच्या मनात पक्के होते. योगायोगाने नगरपुढे उभा असलेला सेनापतीही आयर्लंडातच जन्मलेला होता. तो जे बोलला ते सव्वादोनशे वर्षांनी कोणी आठवीत नाही. त्याच्या चार तोफा कोणत्या बाजूस मांडल्या होत्या, ते मात्र आज अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या त्या शहरात किल्ला पाहावयास जाणाऱ्यास अजून दाखवितात. मनात निश्चय असेल तर गोड शब्द हे त्याचे चिलखत होते. निश्चय नसेल तर तेच शब्द, बोलणाऱ्यास तट आहे असे भासविणारी, पण पाऊल ठेवण्यास फांजी नसलेली भिंत होतात.